आजोबांचा वॉशस्टँड

गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत वॉशस्टँड होता, हे सांगितले तर तुमचा विश्वास बसायचा नाही. 1947 साली विलायतेला परतणाऱ्या एका साहेबाच्या लिलावात आजोबांनी तो घेतला. सागवानी चौकट, वर पांढरी संगमरवरी फरशी आणि तिच्यावर चिनी मातीचे तस्त नि जग. घरोघर नळ येण्यापूर्वी साहेबलोक निजायच्या खोलीतच अशा तस्तात हाततोंड धूत.

आजीने पहिल्याच दिवशी निकाल दिला, "धुतल्या पाण्यात पुन्हा तोंड बुडवायचे? शिव शिव!" हात धुवायचे ते तांब्यातून पडत्या पाण्याने. तस्त माळ्यावर गेले. फरशीवर पुरणपोळ्या लाटल्या जाऊ लागल्या. (त्या उत्तम होत, हे कबूल केले पाहिजे!) आजोबा मुकाट्याने मोरीत तोंड धूत.

1962 साली त्यांना अर्धांगवायू झाला. मोरी दहा पावलांवर. पण तीही दूर झाली. आजीने स्वतः स्टुलावर चढून तस्त उतरवले, घासले, कोमट पाणी ओतले आणि खाटेशी बसून त्यांचे तोंड पुसले. पंचा एकदा बुडवला की ते पाणी टाकून नवे घेई. तेवढा हट्ट तिने सोडला नाही.

आजोबांची वाचा गेली होती. तस्ताकडे पाहून ते अर्ध्याच ओठाने हसले.