घरात कुणाची नजर गेली होती का?

वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, तिथं पोट भरणारे मोकळे असतात, म्हणून नेत्रतपासणी शिबिर मंगळवारीच ठेवलेलं. येणारा प्रत्येक जण सांगतो, "नंबर बघा." डॉक्टर नंबर बघतात, पण त्याआधी एक प्रश्न टाकतात.

"घरात कुणाची नजर गेली होती का?"

"आज्याला मोतीबिंदू व्हता. ऑपरेशन करूनबी दिसलं न्हाई."

लिहिता लिहिता डॉक्टर थांबतात. मोतीबिंदू काढल्यावर सहसा दिसायला लागतं. दिसलं नसेल, तर मागे काचबिंदूही असू शकतो. तो डोळ्याच्या मुख्य नसेवर घाला घालतो आणि गेलेली नजर परत देत नाही. आधी कडेचं दिसेनासं होतं, म्हणून माणसाला पत्ताही लागत नाही. सख्ख्या नात्यात कुणाला असेल, तर धोका कैक पटींनी वाढतो. समोरच्या माणसाची चाळिशीही उलटलेली. वयाबरोबर जोखीम चढतच जाते. मधुमेह आणि मोठा मायनस नंबर तिच्यात भर घालतात.

डोळ्यातला दाब १८ भरला. १० ते २१ ठीक मानतात. नवखेपणी डॉक्टर एवढ्यावर "काही नाही" म्हणून मोकळे होत. आता होत नाहीत. बुबुळावरचा पारदर्शक पडदा पातळ असला, तर यंत्र दाब कमी दाखवतं. दाब खरोखर बेताचा असूनही नस झिजलेली सापडते. म्हणून बाहुली मोठी करायचे थेंब घालून ते नसेच्या तोंडाशी असलेला खळगा बघतात.

मात्र हे थेंब घालण्याआधी डोळ्याचा कोन तपासावा लागतो. प्लस नंबरचे छोटे डोळे, त्यातही चाळिशीपुढच्या बायकांचे, इथे फसवतात. थेंबांनी पसरते तशी बाहुली अंधारातही पसरते, मग तो 'सुताराची झोपडी' म्हणवणाऱ्या १० क्रमांकाच्या लेण्यातला का असेना. अरुंद कोन अशा वेळी बंद पडू शकतो. मग डोकं ठणकतं, उलटी होते, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात. आणि घरचे म्हणतात, पित्त उठलं.

नंतर एक पोरगा आला. खाज सुटते म्हणून खिशात थेंबांची बाटली, दोन वर्षं, चिठ्ठीशिवाय. डॉक्टरांनी लेबल उजेडात धरलं: स्टिरॉइड. त्यानंच दाब चढलेला, ३४. कौशल्य म्हणाल तर ते एवढंच, की खिशात काय आहे हे विचारायचं सुचलं.

पहिल्या माणसाचा खळगा मोठा निघाला. त्याला पुढच्या तपासणीसाठी चिठ्ठी दिली.

"सख्खा भाऊ कुठंय?"

"लेण्यापाशी नारळपाणी विकतो. आज मंगळवार, घरी झोपला आसंल."

"उठवा त्याला."