खडकीचा शिक्का

पुणे, गुरुवार

चि. मिलिंद,

तुझे फोटो आले आणि दुपारभर चैन पडली नाही. काडतुसाच्या पितळी बुडावर केएफ, शेजारी ५८, आणि तुझं ते वाक्य: ‘मामा, हे आप्पांच्या हातून गेलेलं असेल, त्यांच्या तिथीला रेंजवर उडवू का?’ ताईला वाचून दाखवलं, तिचे डोळे भरून आले. मी मात्र आधी फोटो मोठा करून बुडातल्या टोपीभोवती चढलेला हिरवट गंज पाहिला.

ओळख विचारली आहेस, ती सांगतो. केएफ म्हणजे किरकी फॅक्टरी, इंग्रजांनी १८६९ साली काढलेला आपला खडकीचा कारखाना, जिथं आप्पा माल तपासायचे. ५८ हे साल. त्याच शिक्क्यातला ७ म्हणजे मार्क सात, थ्री नॉट थ्रीची साधी गोळी, १७४ ग्रेन वजनाची, आपल्या हिशेबात सव्वाअकरा ग्रॅम. सातच्या ऐवजी जी दिसला तर ट्रेसर, डब्ल्यू असेल तर चिलखतभेदी, बी असेल तर आग लावणारी. टोपीभोवती रंगाचं कडंही असतं. इंग्रजी पद्धतीत साध्या गोळीला जांभळं, ट्रेसरला लाल, चिलखतभेदीला हिरवं, आगलावीला निळं. पण इतक्या वर्षांत रंग उडतो, म्हणून अक्षर वाचायचं, तेही भिंग घेऊन. तुमच्या टेक्सासच्या वाळक्या गवतात एक ट्रेसर पडला तर काय होईल, हे मी सांगायला नको.

दुसऱ्या डब्यातली ओएफव्ही शिक्क्याची म्हणजे वरणगावची, आपल्या जळगाव जिल्ह्यातली, आणि ती ७.६२ ची आहेत. ईशापूरच्या कारखान्याच्या दोन तऱ्हेच्या रायफली आहेत, जुनी थ्री नॉट थ्री आणि चीनच्या युद्धानंतर काढलेली ७.६२ ची, आणि लांबून दोन्ही सारख्याच दिसतात. एकीचं काडतूस दुसरीत चालत नाही, म्हणून तू घेतलेली कोणती ते रायफलीवरच्या कोरीव अक्षरांत बघ. विकणाऱ्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नकोस.

आता मला जे खरं सांगायचं आहे ते. शिक्क्यावरून काडतूस कुठं आणि कधी झालं ते कळतं. त्यानंतर त्याचं काय झालं ते शिक्का सांगत नाही. आमच्या कारखान्याच्या इन्स्पेक्शन विभागात कुणी सुटं काडतूस टेबलावर ठेवलं की आप्पा पहिला प्रश्न विचारायचे, ‘लॉट कुठला?’ लॉट म्हणजे एकाच दारूचा, एकाच टोप्यांचा, एकत्र भरलेला माल. त्यातले नमुने उडवून बघतात, पुढंही अधूनमधून काढून तपासतात, आणि नमुना बिघडला की अख्खा लॉट बाद होतो. पेटीवरचा लॉट नंबर गेला की काडतूस अनाथ झालं. तू पाठवलेल्या फोटोत तीन वेगळी सालं एकाच बिस्किटाच्या डब्यात आहेत! सरप्लस या शब्दाचं तुम्हा मुलांना फार आकर्षण. अरे, सैन्याने हा माल आपल्या हिशेबातून काढून टाकला, तेव्हाच त्याची काळजी घेणारंही कुणी उरलं नाही. पुढं तो कुठल्या पत्र्याच्या गोदामात किती उन्हाळे तापला, हे कोण सांगणार?

आणि उन्हाळ्याचंच भय असतं. जुन्या थ्री नॉट थ्रीत कॉर्डाइट असे, शेवयांसारख्या काड्यांची जुडी, नायट्रोग्लिसरीन आणि गनकॉटनची. ती जुडी पुंगळीच्या अरुंद मानेतून जात नाही, म्हणून आधी भरायची, वर पुठ्ठ्याची चकती ठेवायची आणि मग मान आवळायची. आप्पा हे किती प्रेमानं सांगायचे! पण ही दारू बसल्या जागी हळूहळू विघटन पावते, उष्णतेनं ते झपाट्यानं होतं, आणि निघणारे आम्लाचे वायू पितळ आतून खातात. तिकडच्या नेमबाजांत केएफचं नाव उशिरा उडणारं काडतूस म्हणून आहे, ते तू ऐकलंच असशील. चाप ओढला, नुसता टक् आवाज झाला, आणि क्षणभरानं धडाड. त्या क्षणात कुणी बोल्ट उघडला तर पुंगळी तोंडासमोर फुटते. म्हणून टक् झालं की नळी निशाणाकडेच ठेवून किमान अर्धा मिनिट हलायचं नाही. आणि नेहमीपेक्षा हलका, फुसका आवाज आला तर थांबायचं, रायफल रिकामी करून नळीत गज घालून बघायचं. गोळी आतच अडकली असेल आणि तू दुसरी झाडलीस तर नळी फुटेल. या दोन्ही गोष्टी तुला पाठ हव्यात, पुढं कुठलंही काडतूस झाडलंस तरी.

सफाईचंही सांगून टाकतो, तेल लावून भागतं असं सगळ्यांना वाटतं. जुन्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असतं. ते जळून नळीत क्षार उरतो, तो हवेतलं पाणी ओढतो, आणि ह्यूस्टनच्या दमट हवेत एका रात्रीत गंज धरतो. क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. आधी कढत पाणी, मग कोरडं करणं, मग तेल.

पण हे सगळं तुला ही काडतुसं झाडता यावीत म्हणून लिहिलेलं नाही. हिरवट गंज चढलेलं, मानेपाशी चीर गेलेलं, गोळी हलणारं, लॉट माहीत नसलेलं काडतूस रायफलीत जाऊ द्यायचं नाही, मग शिक्का खडकीचा असो की आणखी कुठला. डब्यातलं एकही या कसोटीला उतरत नाही. घरी पकडीनं उघडून बघण्याच्याही फंदात पडू नकोस. आप्पांनी उभा जन्म खराब माल बाजूला काढण्यात घालवला, त्यांच्या तिथीला खराब माल झाडून त्यांना कसली श्रद्धांजली?

आणखी एक, ताईनं मुद्दाम लिहायला सांगितलंय. दिवाळीला येताना आठवण म्हणून एखादं खिशात टाकून आणू नकोस. विमानतळावर सामानात एक जिवंत काडतूस सापडलं तरी १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो, आणि थ्री नॉट थ्री तर इथं प्रतिबंधित बोअर. आप्पांचा फोटो आहे, त्यांचं भिंग माझ्याकडे आहे, ते तुला देईन. दोन्ही डबे या शनिवारी रेंजच्या अधिकाऱ्याच्या किंवा पोलिसांच्या ताब्यात दे, आधी फोन करून, आणि दिल्याचं त्याच दिवशी मला कळव.

तुझा
मामा