महाराजांची फिली आणि भीमथडीची घोडी

१९४३ साली मुंबईच्या महालक्ष्मी मैदानावर एक शर्यत प्रथमच झाली. तिला तेव्हा ‘कंट्री-ब्रेड डर्बी’ म्हणत; आज ती इंडियन डर्बी म्हणून ओळखली जाते. तिचा पहिला मान एका फिलीने, म्हणजे वयात येत असलेल्या तरुण घोडीने, पटकावला. तिचे नाव प्रिन्सेस ब्यूटिफुल, मालक बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड आणि स्वार ऑस्ट्रेलियाचा जॉकी एडगर ब्रिट.

या विजयाचे मोल कळण्यासाठी शर्यतीची रीत ठाऊक हवी. हजार गिनीज आणि ओक्स या शर्यती केवळ फिलींसाठी राखलेल्या असतात. डर्बी मात्र सर्वांना खुली. २४०० मीटरच्या त्या धावेत नर आणि मादी एकाच रांगेतून सुटतात. मादीला पाठीवर किंचित कमी वजन, एवढीच काय ती सवलत. त्यामुळे फिलीने डर्बी जिंकणे ही नित्याची गोष्ट नव्हे. इथे तर पहिल्याच खेपेला ते घडले.

त्याच्या आदल्याच वर्षी इंग्लंडातही एक फिली गाजली होती. राजे सहावे जॉर्ज यांच्या रंगांत धावणारी सन चॅरियट. युद्धामुळे तिथल्या मोठ्या शर्यती न्यूमार्केटला हलवल्या होत्या, आणि १९४२ मध्ये तिने हजार गिनीज, ओक्स व सेंट लेजर या तिन्ही जिंकल्या. स्वभावाने ती कमालीची हट्टी होती. ओक्सच्या वेळी सुटताना भलत्याच दिशेला भरकटली, बरेच अंतर गमावले, आणि तरीही पहिली आली!

मुंबईतली डर्बी हेही एका अर्थी युद्धाचेच अपत्य. तोवर इथल्या मोठ्या शर्यतींत विलायतेहून आणलेल्या घोड्यांचा दबदबा होता आणि इथे जन्मलेला घोडा दुय्यम गणला जाई. महायुद्धात जहाजांची वाहतूक आटली, विलायती घोडा येईनासा झाला, तेव्हा कुठे ‘कंट्री-ब्रेड’ला स्वतःची डर्बी मिळाली. इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण त्या नावाने हमखास गफलत होते. कंट्री-ब्रेड म्हणजे देशी वाणाचा घोडा नव्हे. रक्त पूर्णपणे थरोब्रेडचे, इंग्रजी वंशावळीचे. फक्त जन्म या मातीतला. या मातीचा म्हणावा असा घोडा त्या मैदानावर नव्हताच.

मग तो होता कुठे? त्याचे उत्तर फिलीच्या मालकाच्याच घराण्यात सापडते. गायकवाडांचे मूळ गाव दावडी, पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातले, म्हणजे भीमेच्या खोऱ्यातले. १७२० साली बाळापूरच्या लढाईत पराक्रम गाजवून दमाजी गायकवाडांनी ‘समशेर बहादूर’ हा किताब मिळवला. पुढे पिलाजीरावांनी गुजरातेत पाय रोवले. दुसरे दमाजी पानिपतावर लढून जिवंत परतले. या तिन्ही पिढ्यांची दौलत घोड्याच्या पाठीवर उभी राहिली, आणि मराठी फौजेचा कणा होता भीमथडीचा घोडा.

भीमथडी म्हणजे भीमेचा काठ. या घोड्याची ख्याती मात्र भीमेइतकीच नीरेच्या खोऱ्यातही होती. बारामतीच्या वायव्येला, कऱ्हा आणि नीरा यांच्या मधल्या माळावर लोणी भापकर आहे. मल्लिकार्जुनाचे देऊळ, पुष्करणी आणि यज्ञवराहाची देखणी पाषाणमूर्ती यांसाठी इतिहासप्रेमी तिथे आवर्जून जातात. देवळे पाहून झाल्यावर गावाबाहेरचा माळही पाहावा. हा बारामतीचा जिरायत पट्टा. तालुक्याचे नाव काढताच डोळ्यांपुढे येणारा ऊस नीरेच्या कालव्याखालचा. इकडे पावसाचा भरवसा नाही, जमीन खडकाळ, गवत आखूड. शेजारचे सुपे हे शहाजीराजांच्या जहागिरीतले, आणि ब्रिटिश अमदानीत बारामतीचा मुलूख भीमथडी नावाच्याच तालुक्यात मोडत असे. अशा रानात वाढलेला घोडा अंगाने मोठा होत नाही. तो ठेंगणा, काटक, थोड्या वैरणीवर भागवणारा आणि कडक खुराचा होतो. चार दिवस अर्धपोटी दौड मारायची असेल तर उंच, देखण्या अरबी घोड्यापेक्षा हाच कामाचा. १७५८ मध्ये मराठी फौजा अटकेपर्यंत पोहोचल्या, त्या अशाच जनावरांच्या जोरावर.

या घोड्याच्या रक्तातही अरबी आणि तुर्की वाण मिसळले आहे, असे परंपरेने मानले जाते. चौल, दाभोळ, गोवा या बंदरांत उतरलेले घोडे शतकानुशतके घाट चढून दख्खनेत येत होते. इंग्रजी थरोब्रेडची कहाणी तरी वेगळी कुठे आहे? बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन हे तीन नर पूर्वेकडून इंग्लंडात नेले गेले, तिथल्या घोड्यांशी त्यांचा संकर झाला आणि तो वंश सुरू झाला. फरक पडला तो वहीमुळे. १७९१ साली वेदरबी यांनी ‘जनरल स्टड बुक’ छापायला घेतले. तेव्हापासून प्रत्येक शिंगराचे आईबाप नोंदले गेले. ज्याची नोंद नाही तो थरोब्रेड नाही. प्रिन्सेस ब्यूटिफुलला ‘प्रिन्सेस’ म्हणण्यामागे ही शतकाहून जुनी वही उभी होती.

मराठ्यांना नोंदी ठेवता येत नव्हत्या, असे कोणी म्हणू नये. सभासदाच्या बखरीत पागेची व्यवस्था चोख सांगितली आहे: पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि तेवढ्या घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. पाणी कोण पाजणार, नाल कोण ठोकणार, हे ठरलेले होते. बारगीर सरकारी घोड्यावर स्वार होई, शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन येई. घोडा मोजला जाई, पोसला जाई, त्याचा हिशेब दिला जाई. पण ही नोंद संख्येची होती, वंशाची नव्हती. कोणत्या घोडीने कोणते शिंगरू दिले, हे पाळणाऱ्या कुणब्याला आणि धनगराला तोंडपाठ असणार. ते कागदावर उतरले नाही.

१८१८ नंतर पागा मोडल्या. गिऱ्हाईकच उरले नाही, तर शेतकरी चांगल्या घोडीला चांगला नर कशाला शोधेल? इंग्रजी लष्कराला उंच घोडा हवा होता. तो ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समधून ‘वेलर’ या नावाने जहाजे भरभरून येऊ लागला. शिरूर तालुक्यातल्या आलेगाव पागासारख्या गावांच्या नावात तेवढी ‘पागा’ उरली. भाषाही उलटली. राजा बढे यांच्या ज्या गीताला २०२३ मध्ये राज्यगीताचा मान मिळाला, त्यात भीमथडीच्या तट्टांचा उल्लेख अभिमानाने येतो. रोजच्या बोलण्यात मात्र ‘भाडोत्री तट्टू’ ही शिवी आहे.

दावडीच्या वंशजांचे घोडे पुढे विलायतेत धावले. प्रतापसिंहरावांनी १९४५ मध्ये एक वर्षाचे शिंगरू २८,००० गिनींना विकत घेतले. त्या काळचा तो विक्रम होता. त्याचे नाव सयाजीराव, महाराजांच्या आजोबांचेच. १९४७ मध्ये त्याने इंग्लंडातली सेंट लेजर जिंकली, स्वार पुन्हा एडगर ब्रिट. पुढच्या वर्षी महाराजांच्या माय बाबूने दोन हजार गिनीज जिंकली. १९५१ मध्ये भारत सरकारने प्रतापसिंहरावांना पदच्युत केले. ब्रिट २०१७ पर्यंत, वयाच्या १०३ व्या वर्षापर्यंत जगला.

भीमथडीचा घोडाही टिकला, पण राजवाड्याच्या तबेल्यात नव्हे, तर मेंढपाळांच्या वाड्यात. ‘भीमथडी’ ही स्वतंत्र जात असल्याची अधिकृत नोंद कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने केली, तीही अगदी अलीकडे. दिवाळीच्या सुमारास जिरायत पट्ट्यातले धनगर मेंढरे घेऊन पश्चिमेकडे उतरू लागतात. कळपामागून घोडी चालते. तिच्या पाठीवर वाघूर, भांडीकुंडी, धान्याची पोती, कोंबड्यांचे डालगे, आणि वरती आदल्या रात्री जन्मलेले, अजून चालता न येणारे कोकरू. लगाम बहुधा घरच्या बाईच्या हातात असतो, आणि घोडीचे शिंगरू मोकळेच तिच्या बाजूने पळत असते.