टर्बोची वही

आमच्या घरात गेले चार महिने एक वही फिरते आहे. दोनशे पानी, कोपरे दुमडलेली, दोन-तीन ठिकाणी ऑइलचे डाग. वही माझ्या लेकीची. वय वर्षं सतरा. आम्ही अमेरिकेत, कोलोराडो राज्यातल्या डेन्व्हरला राहतो. दोन उन्हाळे बेकरीत काम करून साठवलेल्या पैशांतून तिनं एक जुनी मोटार घेतली. सुबारू इम्प्रेझा २.५ आरएस, २००१ सालची, चार दारांची. हिची चारही चाकं इंजिनाच्या जोरावर फिरतात, त्यामुळे बर्फातून निघायला बरी पडते.

गाडी दारात आली आणि आठवड्यातच फर्मान निघालं, "बाबा, हिला टर्बो बसवायचा!"

"आधी वहीत बसव, मग गाडीत," मी म्हटलं.

तशी मागणी काही वेडी नव्हती. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटर उंच. इथली हवा विरळ. १६५ अश्वशक्तीचं ते इंजिन इथे जवळजवळ सहावा हिस्सा ताकद गमावून बसतं. आणि टर्बो म्हणजे काय, तर एका दांड्याच्या दोन टोकांना बसवलेले दोन पंखे. इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर एका पंख्याला फिरवतो, दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. मिनिटाला लाखाच्या वर फेरे! आल्फ्रेड ब्यूशी या स्विस इंजिनिअरनं १९०५ साली या युक्तीचं पेटंट घेतलं. पुढे १९१८ साली सॅनफर्ड मॉस यांनी विमानाचं लिबर्टी इंजिन पाइक्स पीक या १४,००० फूट उंच शिखरावर नेलं आणि टर्बो लावला की विरळ हवेतही ताकद टिकते, हे दाखवून दिलं. ते शिखर आमच्या घरापासून दीड-दोन तासांवर. लेकीनं ही हकिगत पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिली. मला गप्प करायला, दुसरं काय!

तिसऱ्या पानावर गाडं अडलं.

या इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो १० ला १. म्हणजे पिस्टन दहा वाट्या हवा एका वाटीत दाबतो. सुबारूच्याच डब्ल्यूआरएक्स गाडीचं इंजिन टर्बोसाठी बनवलेलं. अमेरिकेत आलेल्या २००२ च्या मॉडेलमध्ये हा आकडा ८ ला १ होता. असं का? हवा दाबली की तापते. सायकलचा पंप हाताला कसा गरम लागतो, आठवा. टर्बोनं आधीच कोंबलेल्या हवेवर पिस्टननं पुन्हा दहापट दाब दिला, तर ठिणगीची ज्योत पोहोचायच्या आत कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप भडकतं. आतून खडखड ऐकू येते. याला नॉकिंग म्हणतात. ते चालू राहिलं तर पिस्टनचं काही खरं नाही.

१९६२ साली ओल्ड्समोबिल जेटफायर या मोटारीनं हे धाडस केलं होतं. रेशो १०.२५ ला १, वर टर्बो. नॉकिंग होऊ नये म्हणून पाणी आणि मिथाइल अल्कोहोलचं मिश्रण इंजिनात सोडायची सोय केली. पण त्याची टाकी भरायची मालकांना आठवणच राहीना!

हे वाचून दाखवताना लेक खो खो हसत होती. मला हसू येईना. कारण मी एक पिस्टन फोडलेला आहे.

अकरावीत होतो, नाशिकला. अण्णा चार दिवस गावाला गेले होते. त्यांची स्कूटर जोरात पळावी म्हणून मी तिचं हेड काढलं आणि लेथवर घासून आणलं. आतली जागा कमी झाली की दाब वाढतो, एवढं ऐकून माहीत होतं. आठवडाभर काय पळाली म्हणता! मग एका दुपारी त्र्यंबक रस्त्यावर खडखडू लागली. मला वाटलं, जोर आलाय म्हणून आवाज येतोय. आणखी पिळली. पिस्टनला आठ आण्याएवढं भोक.

अण्णा एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून डबा घेऊन सिटी बसच्या रांगेत उभे राहू लागले. तीन महिने. मी रोज खिडकीतून बघत असे.

हे मी लेकीला कधी सांगितलं नव्हतं. त्या रात्री सांगितलं.

त्यानंतर वहीचा नूर बदलला. आहे त्या इंजिनावर टर्बो चढवायचा बेत खोडला. त्याऐवजी डब्ल्यूआरएक्सचं जुनं २ लिटरचं अख्खं इंजिनच, त्याच्या कॉम्प्युटर आणि वायरिंगसकट, शोधायचं. ते २२७ अश्वशक्तीचं. पण मग गिअरबॉक्सचं काय? दोनच चाकं ओढणाऱ्या गाडीत जोर जास्त झाला तर चाकं जागच्या जागी गरगरतात, धक्का निसटून जातो. इथे चारही चाकं रस्ता घट्ट धरतात. मग धक्का बसतो गिअरच्या दातांना! शिवाय क्लच, ब्रेक, धुराची तपासणी, विमा. बेरीज गाडीच्या किमतीच्या पुढे गेली. टर्बो बिचारा त्या यादीत अगदीच स्वस्त ठरला.

परवा रविवारी नाशिकला फोन लावला. अण्णा आता चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. मी काही बोलायच्या आत लेकीनं विचारलं, "आजोबा, बाबांनी स्कूटर फोडली, तेव्हा किती खर्च आला होता?"

मला घाम फुटला. पलीकडे क्षणभर शांतता. मग, "चारशे साठ. नवीन हेडसकट."

"रागावला नाहीत तुम्ही?"

"रागावलो होतो की. पण अगं, मला हाक मारली असती तर मीही बसलो असतो शेजारी. इतकी वर्षं स्कूटर चालवली, आत काय असतं ते कधी बघितलंच नव्हतं."

लेकीनं वही उघडली. खर्चाच्या यादीत सगळ्यात वर चारशे साठ रुपये मांडले आणि खाली कामांच्या यादीत एक ओळ वाढवली : इंजिन उघडायच्या दिवशी आजोबांना व्हिडिओ कॉल. नाशिकची वेळ बघून.