प्रभूची इच्छा असल्यास

आमच्या चर्चमध्ये रविवारची उपासना संपत आली की सूचना वाचल्या जातात. "प्रभूची इच्छा असल्यास बुधवारी संध्याकाळी साडेसहाला महिला संघाची सभा होईल." ही 'असल्यास'ची खुंटी फार जुनी. उद्या अमुक गावी जाऊ, वर्षभर व्यापार करू, पैसा मिळवू, अशा गप्पा मारणाऱ्यांना याकोबाने आपल्या पत्रात ती ठोकायला सांगितली आणि तेव्हापासून ख्रिस्ती माणूस आपला प्रत्येक बेत तिच्यावर टांगत आला आहे. फक्त वर्गणीच्या सूचनेला ती लावलेली मी अजून ऐकली नाही. तिथे प्रभूची इच्छा गृहीत धरलेली असते.

खरं सांगायचं तर देवाची इच्छा ही मोठी सोयीची गोष्ट आहे. माझी नोकरी बदलीची होती. गडहिंग्लजला बदली झाली की ती साहेबाची खोड, आणि परत कोल्हापुरात आली की ती देवाची इच्छा, असा माझा तीस वर्षांचा हिशेब. मी एकटाच असा नव्हे. चांगलं स्थळ आलं की देवाने जुळवलं. मोडलं की मुलाकडची माणसंच तसली.

पण ही इच्छा आधी कळावी कशी? देव बोलतो म्हणतात. आमच्या घरात इतकी माणसं एकाच वेळी बोलतात की त्याला मध्ये फटच मिळत नसावी.

हा प्रश्न माझ्यापुढे २०१९ च्या मे महिन्यात उभा राहिला. मुलगा पुण्याहून आला, दोन वेळा तांबडा-पांढरा रस्सा ओरपला आणि तिसऱ्या वेळी म्हणाला, "पप्पा, शाहूपुरीतलं घर विकू या. तुम्ही तिघं पुण्याला चला." तिघं म्हणजे मी, आमची मंडळी आणि ऐंशी ओलांडलेली माझी आत्या. (ख्रिस्ती माणसाला 'मंडळी' हा शब्द जपून वापरावा लागतो. चर्चलाही मंडळीच म्हणतात, आणि दोन्हीकडे शेवटचा शब्द आपला नसतो.) मी म्हटलं, प्रार्थना करून सांगतो. याचा अर्थ 'वेळ काढतो' असा होतो हे मुलाला लहानपणापासून ठाऊक आहे.

आमच्या शेजारच्या काकूंना अशी अडचण पडत नाही. त्या गावी जातात, देवाला कौल लावतात. उजवीकडचं फूल पडलं की हो, डावीकडचं पडलं की नाही. एसटीचं तिकीट आणि एक नारळ, एवढ्यात निकाल. आम्ही असलं करत नाही. आम्ही डोळे मिटून पवित्र शास्त्र उघडतो आणि बोट ठेवतो. तसं मीही ठेवलं. बोट पडलं ते निर्गमाच्या पुस्तकात, निवासमंडपाच्या पडद्यांवर. लांबी अठ्ठावीस हात, रुंदी चार हात. मी मोठ्याने वाचून दाखवल्यावर आमची ही म्हणाली, "म्हणजे पुण्याच्या फ्लॅटला पडदे मीच शिवायचे ना?"

पाळकसाहेबांकडे गेलो. ते हसले आणि गिदोनाची गोष्ट सांगू लागले. गिदोनाने खळ्यात लोकर ठेवली. सकाळी लोकर तेवढी दवाने भिजलेली आणि भोवतालची जमीन कोरडी असेल, तर देवाने मला पाठवलं हे खरं, म्हणाला. तसंच झालं. एवढ्यावर माणसाने गप्प बसावं की नाही? दुसऱ्या रात्री म्हणतो, आता उलट करून दाखव. लोकर कोरडी, जमीन ओली. देवाने तेही करून दाखवलं. असलं गिऱ्हाईक महाद्वार रोडवर आलं असतं तर दुकानदाराने दुसऱ्या ठाणालाच हात जोडले असते. प्रेषितांनीदेखील यहूदाच्या जागी माणूस नेमताना चिठ्ठ्या टाकल्या; मत्थियाचं नाव निघालं, आणि त्यानंतर पुस्तकात त्याचं नाव पुन्हा येत नाही. पाळकसाहेबांनी यावर भाष्य केलं नाही. त्यांना पुढे एका बारशाला जायचं होतं.

ज्यांना देवाची इच्छा झटकन कळते अशी माणसं आमच्या पूर्वजांत होऊन गेली आहेत. ज्यांच्या नावाचं चर्च कोल्हापुरात आहे ते वायल्डरसाहेब १८५२ साली इथे आले. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये कोल्हापुरातच जन्मला. त्याने १८८६ साली अमेरिकेत माउंट हर्मन इथे कॉलेजच्या पोरांना मिशनरी व्हायची शपथ घ्यायला लावली, शंभर जणांना. त्या शपथेतही 'देवाने परवानगी दिली तर' ही खुंटी होतीच.

आणि आमचे रेव्हरंड टिळक! १८९५ साली नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला. त्यांना जे कळलं ते लक्ष्मीबाईंना पटायला पाच वर्षं लागली. त्यांचा बाप्तिस्मा १९०० सालचा. पुढे १९१७ मध्ये टिळकांनी मिशनचं काम सोडलं आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. मला 'स्मृतिचित्रे' वाचताना नेहमी वाटतं की ईश्वरी इच्छा टिळकांना कळायची आणि भांडी लक्ष्मीबाईंना आवरावी लागायची. आत्याच्या उशाशी ते पुस्तक कायम असे. ती म्हणायची, "टिळक मोठेच. पण देवाने त्यांना बायको दिली, यात देवाची अक्कल दिसते."

आत्याविषयी थोडं सांगायला हवं. मिरजेचं मिशन हॉस्पिटल डॉक्टर वॉन्लेसनी १८९४ साली सुरू केलं. तिथे आत्याने नर्स म्हणून उभं आयुष्य काढलं. लग्न केलं नाही. का, हे विचारायची आमच्यात कुणाची टाप नव्हती. 'देवाची इच्छा' हे शब्द तिच्यासमोर घाईने उच्चारलेले तिला खपत नसत. त्या काळी खेड्यातून बैलगाडीत घालून बाळंतिणी आणत. दोन दिवस अडलेल्या. बरोबरचा माणूस हात जोडून म्हणे, "आता देवाची मर्जी, बाई." आत्या त्याच्यावर खेकसे, "देवाला कशाला मध्ये घालतोस? गाडी तू उशिरा जुंपलीस. सरक बाजूला." तिचा क्रम ठरलेला होता: आधी सलाईन, मग देवाची इच्छा. मात्र सगळं करूनही एखादी बाई गेली, तर ती त्याच माणसाशेजारी बाकावर बसून राही आणि ड्यूटी संपली तरी उठत नसे, असं तिच्याबरोबरच्या एका नर्सने मला सांगितलं. आत्याने स्वतः कधी सांगितलं नाही.

तर ऑगस्ट उजाडला. कोल्हापूरकर एकमेकांना 'काय चाललंय' असं न विचारता 'बंधाऱ्याला किती झालं' असं विचारू लागले की समजावं, पंचगंगा फुगली. राजाराम बंधाऱ्याला एकोणचाळीस फूट म्हणजे इशारा, त्रेचाळीस म्हणजे धोका. त्या वर्षी पाणी पंचावन्नच्याही वर गेलं. शिरोलीजवळ हायवे बुडाला, पुण्या-मुंबईची वाट बंद झाली. व्हीनस कॉर्नर पाण्यात. गावभर पाणी, आणि नळाला थेंब नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी कमरेइतकं पाणी आलं. पण आमचं घर चढावर, जोतं उंच. पाणी तिसऱ्या पायरीला टेकलं आणि थांबलं.

मी खिडकीत उभा होतो आणि माझ्या अंगावर काटा आला. जमीन ओली, लोकर कोरडी! मी मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "पप्पा, हा इशारा आहे. आता तरी निघा." आमची ही म्हणाली, "हा आशीर्वाद आहे. एवढ्या पुरात घर राखलं, ते काय विकायला?" देवाने खूण दिली होती यात शंकाच नव्हती, फक्त ती दोन्हीकडून वाचता येत होती. मी आत्याकडे वळलो.

"आत्या, सगळीकडे पाणी आणि आपलंच घर कोरडं. याचा अर्थ काय असेल गं?"

"अर्थ कसला?" ती म्हणाली. "कोरडं आहे तर माणसं आत घे. तांदूळ किती आहे बघ."

संध्याकाळपर्यंत घरात एकोणीस माणसं झाली. त्यात कुंभार गल्लीतलं एक कुटुंब होतं. गणेशचतुर्थी तीन-चार आठवड्यांवर आलेली. त्यांचा वर्षाचा माल अर्धा पाण्यात गेला होता आणि उरलेल्या मूर्ती ते होडीत घालून घेऊन आले होते. दारात येऊन तो माणूस अडखळला. भिंतीवरचा क्रूस त्याला दिसला होता. मीही अडखळलो. उद्या मंडळीत काय म्हणतील, वडीलजनांच्या बैठकीत विषय निघेल का, हे सारं माझ्या डोक्यातून गेलं.

"अरे, कच्ची माती आहे ती, भिजेल," आत्या खाटेवरून ओरडली. "पोट आहे त्यांचं. आण आत."

सतरा गणपती, बिनरंगाचे, आमच्या बैठकीत ओळीने बसले. तिसऱ्या दिवशी पाळकसाहेब पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, पाण्यातून वाट काढत बिस्किटांचे पुडे घेऊन आले. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. बसायला एकच जागा मोकळी होती, दोन गणपतींच्या मध्ये. ते तिथे बसले, चहा घेतला आणि कुंभाराच्या पोराला विचारलं, "सोंड वेगळी करून जोडता का रे?" पोराने त्यांना अर्धा तास माहिती दिली. वडीलजनांच्या बैठकीत विषय निघालाच नाही.

पूर ओसरला. मुलाचे फोन चालू राहिले. पुढच्या जानेवारीत आत्याच्या पोटात गाठ निघाली, आणि पुण्याचा विषय ज्याचा त्यानेच बंद केला. तिला हलवणं शक्य नव्हतं. डॉक्टरांनी ऑपरेशन करता येईल म्हटलं, पण या वयात भरवसा नाही. आत्याने त्यांना रक्तातली साखर, भूल, टाके, असं सगळं खोदून विचारलं. शेवटी म्हणाली, "नको. बाकीची औषधं वेळच्या वेळी द्या."

मी चिडलो. म्हटलं, तूच ना सांगायचीस, आधी सलाईन?

"सलाईन लाव की, कोण नको म्हणतंय?" ती म्हणाली. "पण ड्यूटीचा तक्ता मेट्रन लावते बाळा. मी चाळीस वर्षांत कधी तिच्याशी भांडले नाही. एकदा भांडले. नाताळच्या रात्री."

"मग?"

"नाताळात ड्यूटीच लागली."

रोज रात्री आम्ही तिच्या खाटेभोवती बसून प्रभूची प्रार्थना म्हणत असू. तोंडपाठ; लहानपणी तिनेच शिकवलेली. एरवी मी ती एका दमात म्हणतो. त्या दिवसांत मात्र त्याच्या इच्छेप्रमाणे होऊ दे, असं जिथे म्हणायचं असतं तिथे येऊन माझा आवाज अडायचा. ही खाली मान घालून थांबायची. मला ते शब्द म्हणायचे नव्हते; मला आत्या हवी होती.

फेब्रुवारीतल्या एका रात्री मी तिथेच असा अडलो. बराच वेळ झाला. आत्याला झोप लागली असेल असं वाटलं. मग तिचा आवाज आला, बारीक पण स्पष्ट. ती ओळ तिने माझ्यासाठी म्हणून टाकली, आणि डोळे न उघडता म्हणाली, "पुढचं म्हण रे. भाकरीचं राहिलंय."

मी पुढचं म्हटलं.