दापोलीची शाळा आणि दापोलीची ओसरी

दापोलीचा समुद्र दापोलीत दिसत नाही. तो पाच-सहा मैलांवर, खाली कर्दे-मुरूडच्या बाजूला आहे. गाव आपले पठारावर, वाऱ्याला तोंड करून बसले आहे. पूर्वी मुंबईचा उतारू बोटीने हर्णैला यायचा, लांब उभ्या राहिलेल्या बोटीतून जीव मुठीत धरून पडावात उतरायचा आणि अर्धे धोतर भिजवून किनाऱ्याला लागायचा. मग गाडीवाट चढून दापोली. आता खेडला आगगाडीतून उतरावे, एस. टी. धरावी, तासाभरात माणूस कोरड्या कपड्यांनी पोहोचतो. सुटीत येणारी मुंबई-पुण्याची मंडळी दापोलीच्या बाजारात शहाळे पितात आणि समुद्राकडे निघून जातात. त्यांना थोडे थांबवावे, म्हणून हा लेख.

थांबायचे ते शाळेसाठी. ए. जी. हायस्कूल हे तिचे आजचे नाव. या दोन अक्षरांमागे आल्फ्रेड गॅडने नावाचे एक मिशनरी पाद्री उभे आहेत, हे गावाबाहेर फारसे कोणाला ठाऊक नसते. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी इथली थंड हवा पाहून छावणी वसवली, म्हणून ही ‘कँप दापोली’. छावणीमागून पाद्री आले आणि पाद्र्यांमागून इंग्रजी शाळा आली. एस. पी. जी. मिशनची ही शाळा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभी राहिली. पाद्र्यांचा हेतू काय होता हे उघड आहे. पण कोकणातल्या भिक्षुकांनी आणि वकिलांनी त्यांच्याकडून इंग्रजी तेवढे घेतले आणि बायबल सविनय परत केले!

या शाळेत शिकलेले दोन पांडुरंग महाराष्ट्राला परिचित आहेत. पहिले पांडुरंग वामन काणे. वडील दापोलीत वकील. काणे १८९७ साली इथूनच मॅट्रिक झाले. पुढे त्यांनी ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’ हा ग्रंथ लिहिला. पहिला खंड १९३० चा, शेवटचा १९६२ चा. पाने साडेसहा हजारांवर. हिंदू माणसाने काय खावे, कोणाला शिवावे, कोणाला शिवू नये, याविषयी आपल्या पूर्वजांनी जे जे लिहिले, ते सारे या गृहस्थाने तपासले. १९६३ मध्ये त्यांना ‘भारतरत्न’ मिळाले.

दुसरे पांडुरंग सदाशिव साने. अर्थात साने गुरुजी. पालगडचे हे पोर शिकायला दापोलीत राहिले. ‘श्यामची आई’ वाचून ज्यांचे डोळे ओलावले, त्यांना दापोली-पालगडची पायवाट निराळी सांगायला नको. त्या पुस्तकातली मोळीवाल्या महार म्हातारीची गोष्ट मात्र पुन्हा वाचावी. तिच्या डोक्यावर मोळी चढवून दे, असे आई श्यामला सांगते. वर्गात ही गोष्ट शिकवताना आम्ही मास्तर लोक आईच्या थोरवीवर थांबतो. उचलून द्यायला दुसरे कोणी पुढे का येत नव्हते, हा प्रश्न सहसा परीक्षेत येत नाही. साने गुरुजींनी तो विसरू दिला नाही. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून त्यांनी दहा दिवस उपोषण केले, आणि मंदिर उघडले.

आता थोडे शाळेच्या बाहेर येऊ. दापोलीच्या छावणीने आणखी एक वस्ती मागे ठेवली होती. ती पेन्शनर महार सैनिकांची. रत्नागिरी जिल्ह्यातले महार कंपनी सरकारच्या पलटणीत पिढ्यान्‌पिढ्या भरती होत. पलटणीत ते लिहायला-वाचायला शिकले होते, हुकूम देण्या-घेण्याची त्यांना सवय होती. असेच एक निवृत्त सैनिक गोपाळ बाबा वलंगकर १८८६ नंतर दापोलीत राहू लागले. १८८८ मध्ये त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध ‘विटाळ विध्वंसक’ काढले. नावातच सारे आले.

या पेन्शनरांनी १८९० च्या दशकाच्या आरंभी एक साधी गोष्ट मागितली: आमची मुले नगरपालिकेच्या शाळेत घ्या. सरकारी धोरणाप्रमाणे शाळा सर्वांना खुली होती. दापोलीत मात्र त्या मुलांनी वर्गात बसायचे की ओसरीवर, हाच झगडा होऊन बसला. ज्यांच्या बापांनी राणीच्या निशाणाखाली पगार आणि पदके घेतली, त्यांची मुले ओसरीच्या कोणत्या खांबापर्यंत चालतील याची चर्चा शहाणीसुरती माणसे करीत होती. ही शाळा मराठी आणि काणे शिकत होते ती इंग्रजी, दोन्ही निराळ्या. पण मराठी शाळेची पायरी चढल्यावाचून इंग्रजी शाळेचा दरवाजा दिसत नसे. काणे मॅट्रिकच्या वाटेवर होते तेव्हाच, त्याच गावात, हा ओसरीचा वाद चालू होता.

आणि त्याच दशकात रामजी सकपाळ नावाचे निवृत्त सुभेदार महूहून बिऱ्हाड घेऊन दापोलीला आले. त्यांचे मूळ गाव आंबडवे, जवळच मंडणगडकडे. त्यांचा धाकटा मुलगा भीमराव तेव्हा अगदी लहान. दापोलीत हे बिऱ्हाड फार काळ टिकले नाही. ते साताऱ्याला गेले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावाचे नाव तिथल्या सरकारी हायस्कुलात घातले गेले. तिथेही बसायला गोणपाट घरून न्यावे लागे. पुढे मुंबईत संस्कृत शिकायची इच्छा असताना त्यांना फार्सी घ्यावी लागली, कारण संस्कृत शिकवायला शिक्षक तयार नव्हते.

दापोलीकरांना आपल्या तालुक्याची ‘भारतरत्ने’ मोजायला आवडते, आणि ते रास्तच आहे. मुरूडचे महर्षी कर्वे, १९५८. काणे, १९६३. मुरूडहून परीक्षेसाठी पायी साताऱ्याला गेलेल्या कर्व्यांना ‘वयाने लहान दिसतोस’ म्हणून परत पाठवले, ही गोष्ट इथले शाळकरी पोरही सांगते. पण १९९० साली ज्यांना तोच सन्मान मरणोत्तर मिळाला, ते बाबासाहेबही काही काळ दापोलीचेच होते. हे सांगताना मात्र आवाज थोडा खाली येतो.

संस्कृत नाकारले गेलेल्या त्या मुलाने संस्कृत ग्रंथ अखेर धुंडाळलेच. १९४८ मध्ये बाबासाहेबांचा ‘दि अन्‌टचेबल्स’ प्रसिद्ध झाला. अस्पृश्यता कोठून आली, याचा शोध घेताना गोमांसभक्षणाच्या प्रश्नावर त्यांना धर्मशास्त्राचा जाणकार हवा होता. त्यांनी एका मराठी पुस्तकाचा आधार घेतला आहे. पुस्तक ‘धर्मशास्त्रविचार’, लेखक पांडुरंग वामन काणे.