भीमथडीचीं दप्तरें

पुण्याहून बारामतीस जाण्यास दोन रस्ते आहेत. सोलापूरच्या हमरस्त्यानें पाटसपर्यंत जाऊन उजवीकडे वळणें हा सोयीचा. दिवेघाट चढून सासवड, जेजुरी, मोरगांव, सुपें असा जाणारा दुसरा, वळणाचा. आम्हीं मुद्दाम दुसरा धरला. यात्रेकरूंस जेजुरीचा खंडोबा व मोरगांवचा मयूरेश्वर पुरे आहेत. आमचें काम निराळें होतें. चेटकिणींचा छळ व टोळ्यांची गुन्हेगारी हे दोन विषय आज जगभरच्या विद्यापीठांत इतिहास म्हणून अभ्यासले जातात. त्यांपैकीं दुसऱ्याचीं कांहीं पानें कऱ्हा, नीरा व भीमा यांच्या मधल्या या मुलखांत लिहिलीं गेलीं. तीं कोणीं लिहिलीं, हें त्या त्या ठिकाणीं जाऊन मनाशीं ताडून पाहावें, एवढाच हेतु.

सासवडच्या बाजूस, पुरंदरच्या पायथ्याशीं भिवडी गांव आहे. उमाजी नाईक येथला. जन्म १७९१ चा. रामोशी म्हणजे मूळचा गांवचा राखणदार. चोरी झाली तर माग काढावा, माग निघाला नाहीं तर नुकसान भरून द्यावें, अशी त्याची जबाबदारी असे. पुरंदरचा पहाराही रामोशांकडे असे. १८१८ सालीं राज्य बदललें, किल्ल्यांवरच्या शिबंदीस रजा मिळाली, हक्क बुडाले, आणि कालचा राखणदार सरकारदप्तरीं दरोडेखोर झाला. मध्यंतरीं सरकारनें उमाजीस माफी देऊन चाकरींतही घेतलें होतें, ही गोष्ट त्याचे पोवाडे ऐकणारांस सहसा ठाऊक नसते. तो तंटा पुन्हा चिघळला, डिसेंबर १८३१ मध्यें उमाजी पकडला गेला, आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजीं पुण्यास त्यास फांशी झाली.

आतां त्याचें चरित्र प्रथम कोणीं लिहिलें? कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश यानें. म्हणजे ज्याच्याकडे त्यास धरण्याची कामगिरी होती त्यानेंच! फांशीनंतर वर्षभरांत, १८३३ सालीं, मुंबईस तें पुस्तक निघालें. रामोशांविषयीं आजही कोणास कांहीं लिहावयाचें झाल्यास या पुस्तकावांचून गति नाहीं. माणूस चौकस होता, चालीरीति त्यानें बारकाईनें टिपल्या आहेत. पण पाठलाग करणारा आणि इतिहास लिहिणारा एकच, हें विसरून तें पुस्तक वाचतां येत नाहीं.

त्याच दशकांत नर्मदेकडे स्लीमन ठगांचा बंदोबस्त करीत होता. १८३६ च्या तिसाव्या कायद्यानें ठगांच्या टोळींत असणें हाच जन्मठेपेचा गुन्हा ठरला. अमुक खून अमक्यानें केला, हें दाखविण्याची गरज उरली नाहीं. पुरावा बहुधा माफीच्या साक्षीदाराचा. ठग नव्हतेच, असें आमचें म्हणणें नाहीं. वाटसरूंचे गळे खरोखर आवळले गेले. परंतु देशभर पसरलेला, एका देवीचा एकच गुप्त पंथ होता, कीं पोटामागें लागलेल्या निरनिराळ्या टोळ्या होत्या, यावर विद्वानांचें अद्याप एकमत नाहीं. पुढें १८७१ च्या कायद्यानें तर टोळीही नको झाली. विशिष्ट जातींत जन्म घेतला एवढें पुरेसें झालें. १९११ सालीं तो कायदा मुंबई इलाख्यासही लागू झाला आणि स्वराज्यांत, १९५२ सालीं, रद्द झाला.

येथें चेटकिणींचा संबंध काय, असें वाचक विचारतील. संबंध याच ठिकाणीं आहे. युरोपांत पंधराव्यापासून अठराव्या शतकापर्यंत चेटकाच्या आरोपावरून चाळीस ते पन्नास हजार माणसें, त्यांत बहुतेक बायका, मारलीं गेलीं असें आतांचे इतिहासकार मानतात. नव्वद लाखांचा जुना आंकडा कोणी विचारी मनुष्य आतां घेत नाहीं. नॉर्मन कोन या इंग्रज इतिहासकारानें १९७५ सालीं दाखविलें कीं, रात्रीं जमणारा व सैतानास भजणारा असा चेटकिणींचा पंथ मुळीं नव्हताच. तो न्यायाधीशांच्या प्रश्नांतून जन्मला. प्रश्न ठरलेला, यातना ठरलेल्या, मग उत्तरही ठरल्यासारखेंच यावयाचें. त्याहूनही विलक्षण हकीकत इटालीच्या कार्लो गिन्झबुर्ग यांनीं १९६६ सालीं प्रसिद्ध केली. फ्रिउली प्रांतांतले कांहीं शेतकरी म्हणत असत कीं, आपला आत्मा ठराविक रात्रीं देह सोडून जातो व पीक वांचविण्यासाठीं चेटकिणींशीं लढतो. धर्मन्यायालयानें या राखणदारांची दोन पिढ्या उलटतपासणी केली. अखेर सतराव्या शतकांत तेच शेतकरी आपण चेटके असल्याचें कबूल करूं लागले! भिवडीच्या राखणदाराची कथा ऐकून येणारास ही हकीकत परकी वाटत नाहीं.

आपल्याकडेही हा विषय नवा नाहीं. पेशवाईच्या कागदांत चेटूक करणारांचा शोध घेऊन त्यांस शासन करण्याचें काम सरकारी माणसांकडे दिल्याचे उल्लेख आहेत. सातपुड्याकडील भिल्ल मुलखांत बायकांस डाकीण ठरवून मारीत. त्यावर अजय स्कारिया यांनीं १९९७ सालीं लिहिलेला निबंध मुळांतून वाचण्याजोगा आहे. रामोशी आणि डाकीण यांत दुसरें कांहीं साम्य शोधूं नये. रामोशी लूट करी, डाकीण कांहींच करीत नसे. परंतु दोघांचाही शब्द आपणांपर्यंत पोंचतो तो आरोप करणाराच्या लेखणींतून.

मोरगांवाहून सुपें जवळ आहे. शहाजी राजांच्या जहागिरींतलें हें ठाणें. आम्हांस मात्र येथें आठवला १८७५ चा मे महिना. अमेरिकेच्या यादवी युद्धांत कापसाचा भाव चढला होता, तो उतरला, सारा वाढला, कुणबी सावकाराच्या वहींत अडकला. १२ मे रोजीं, बाजारच्या दिवशीं, सुप्यांत लोकांनीं गुजर सावकारांचीं दुकानें व घरें फोडलीं. कापड-धान्य लुटलें हें खरें. पण त्यांचा खरा रोख होता तो खतांवर. खतें मिळालीं कीं लोक तीं जाळीत, आणि मुकाट्यानें दिलीं तर बहुधा माणसास धक्का लावीत नसत. दंगा इंदापूर, शिरूर व नगर जिल्ह्यांतल्या तालुक्यांपर्यंत पसरला. एकंदर ९५१ जणांस पकडलें, ५०१ जणांस शिक्षा झाल्या. मग चौकशीमंडळ बसलें, आणि १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा आला. दंगेखोरांचे जबाब लिहून घेणारा सरकारी कारकून होता. मुळांत खत लिहून देणारा बहुधा गांवचा कुलकर्णी होता. आणि ज्याचा अंगठा त्यावर होता, त्यास दोन्ही वाचतां येत नव्हतीं. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचे पणजोबा कुलकर्णी होते. त्यांनीं सारेंच खोटें लिहिलें असें नव्हे. पण लेखणी त्यांच्या हातीं होती, हें नाकारून उपयोग नाहीं.

बारामती कऱ्हेच्या कांठीं. शिकलेल्या घरांत हें नांव मोरोपंतांमुळें पूज्य आहे. १७२९ सालीं पन्हाळ्यास जन्मलेला हा कवि येथें बाबूराव नाईकांच्या आश्रयास राहिला व १७९४ सालीं येथेंच वारला. हे नाईक जोशी सावकार, पेशव्यांचे व्याही-सोयरे. बाळाजी विश्वनाथाची कन्या भिऊबाई त्यांच्या घरीं दिलेली. सावकारही नाईक आणि रामोशीही नाईक! एकाच्या नांवामागें तो शब्द मानाचा राहिला, दुसऱ्याच्या मागें तो पोलिसांच्या नोंदवहींत गेला.

ही नोंदवही १९५२ नंतर मिटली असें मात्र समजूं नये. १९९८ च्या जून महिन्यांत याच बारामतीस एका पारधी इसमाचा पोलिसांच्या ताब्यांत असतांना मृत्यु झाला. महाश्वेता देवी, गणेश देवी व ‘उचल्या’कार लक्ष्मण गायकवाड यांनीं विमुक्त जातींच्या हक्कांसाठीं जी चळवळ चालविली, तिनें हें प्रकरण हातीं घेतलें. नीरा ओलांडली कीं फलटण. त्या तालुक्यांतल्या लक्ष्मण माने यांचें ‘उपरा’ १९८० सालीं निघालें होतें. दीडशें वर्षें ज्यांच्याविषयीं इतरांनींच लिहिलें, ते स्वतः लिहूं लागले, हा मराठी वाङ्मयांतला फार मोठा पालट आहे, आणि आमच्या घरांतून तीं पुस्तकें अजून हवीं तितकीं वाचलीं जात नाहींत.

महाराष्ट्रानें या दोन्ही विषयांवर कायदे केले आहेत. १९९९ चा संघटित गुन्हेगारीविरुद्धचा, ज्यास लोक ‘मोक्का’ म्हणतात. आणि नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत खून झाल्यानंतर त्याच वर्षीं झालेला जादूटोणाविरोधी कायदा. योगायोग असा कीं, दोन्ही आपापल्या वर्षाचे तिसाव्या क्रमांकाचे, १८३६ च्या ठगांवरील कायद्याप्रमाणेंच. २०१३ च्या कायद्यानें एक चांगली उलटापालट केली : एखाद्या बाईस भुताळी ठरवून छळणें हाच गुन्हा, म्हणजे बोट रोखणाराकडेच बोट वळलें. १९९९ च्या कायद्यानें मात्र विवक्षित पोलिस अधिकाऱ्यापुढील कबुली पुराव्यांत घेण्याची मुभा दिली, जी एरव्हींच्या फौजदारी कामांत नसते. टोळ्यांचा उपद्रव खरा आहे व तो मोडावयास पाहिजे. तथापि कबुलीचा इतिहास ज्यानें वाचला आहे, त्यास या मुभेनें थोडी धास्ती वाटणारच.

बारामतीहून इंदापूरपर्यंत कालव्याखालचा ऊंस. मालोजी राजे भोसले इंदापुरास पडले. त्यांची गढी दाखवितात. आम्हांस येथें दुसऱ्या एका गोष्टीचें अगत्य होतें. गोल्डस्मिड व विंगेट यांची शेतवार मोजणी याच तालुक्यांत सुरू झाली, आणि १८३६ सालीं तीस वर्षांचा धारा प्रथम येथें ठरला. १८६७ सालीं तो पुन्हा ठरवितांना वाढला, आणि आठ वर्षांनीं खतें पेटलीं. उत्तरेस भीमेवर उजनीचें पाणी पसरलें आहे. १९८० च्या सुमारास तें धरण पुरें झालें, तेव्हां पळसदेवसारखीं गांवठाणें बुडालीं. उन्हाळ्यांत पाणी ओसरलें कीं जुनें देऊळ बाहेर येतें. गांवें उठलीं तेव्हां घरोघरचीं रुमालांत बांधलेलीं दप्तरें कोठें गेलीं, हें विचारणारा कोणी दिसत नाहीं.

म्हणून एक विनंती. भीमथडी, इंदापूर, पुरंदर या भागांतून आलेलीं पुष्कळ कुटुंबें आज पुण्यामुंबईस आहेत, व त्यांच्या माळ्यावर मोडी कागदांच्या गठड्या आहेत. त्या रद्दींत घालूं नयेत. पुण्यांत १९१० पासून भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, तेथें दाखवाव्या. वतनपत्रें व वंशावळी लोक हौसेनें आणतात. गहाणखतें, फारखत्या, रामोशाच्या बलुत्याचे हिशेब, चोरीच्या मागाच्या यादी, कोणा बाईवर घेतलेल्या आळाचा पंचनामा, असलेंही कांहीं सांपडल्यास तें लपवूं नये. पावसाळ्यापूर्वीं गठडी सोडून कसर लागली आहे काय तें पाहावें, आणि कागदांचा क्रम मात्र मोडूं नये.